मदत हवी आहे : ‘बॅडलँड्स’मधील हॉलीचे निवेदन मराठीत कसे आणावे?

टेरेन्स मॅलिक यांच्या ‘बॅडलँड्स’ (1973) या चित्रपटाची मराठी उपशीर्षके मी करत आहे. नायक किटचे संवाद फारसे अडले नाहीत. अडचण आहे ती हॉलीच्या निवेदनाची. पंधरा वर्षांची ही मुलगी, आपल्या वडिलांचा खून करणाऱ्या प्रियकराबरोबर, म्हणजे किटबरोबर, पळून जाते आणि पुढचे सारे खून स्वस्त प्रेमकथांतून उचललेल्या गोड, गुळगुळीत शब्दांत, पण निर्विकार सुरात सांगते. चित्रपटाचा सगळा थंडपणा (माझ्या मते त्याचे खरे यश) त्या विसंगतीत आहे.

प्रमाण मराठीत ती प्रौढ लेखिका वाटली. वऱ्हाडी वापरून पाहिली, तर कथा जिथे सुरू होते ते अमेरिकेतील साउथ डकोटा थेट अमरावतीजवळ आले. जुन्या मासिकांतील प्रेमकथांची भाषा बरीच जवळ गेली, परंतु प्रेक्षक हसतील, अशी भीती वाटते. ओळी दोनच आणि प्रत्येकीत साधारण पस्तीस अक्षरे, त्यामुळे लांब वाक्यरचना शक्य नाही; तळटीपही देता येणार नाही. मूळ इंग्रजी संहिता माझ्याकडे आहे आणि प्रदर्शनाच्या परवानगीचे काम आयोजक पाहत आहेत.

निवेदनातील उसना गोडवा कळावा, पण त्याचे विडंबन होऊ नये, यासाठी कोणत्या काळातील आणि कोणत्या प्रकारच्या मराठी लेखनाची भाषा नमुना म्हणून घ्यावी?