धबधब्यासाठी एनडी फिल्टर कुठला घेऊ?

घाटवेडा:
मंडळी, पुढच्या आठवड्यात ठोसेघरला जातोय, धबधब्याचं पाणी दुधासारखं यायला हवंय, म्हणून एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच) घ्यायचाय. लेन्स १८-१३५, फिल्टर साइज ६७ एमएम. दुकानदार म्हणतो व्हेरिएबल (फिरवून गडदपणा कमी-जास्त करता येणारा) घ्या, एकातच सगळं काम होतं. घेऊ का?

ओलाकॅमेरा:
व्हेरिएबल व्हिडिओला मस्त रे, पण १८ एमएमवर वाइड गेलास आणि फिल्टर जास्त फिरवलास की फोटोवर काळी फुली उमटते, माझे अख्ख्या सकाळचे फोटो गेलेत त्यात. सरळ एनडी६४ घे, म्हणजे ६ स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा). ढगाळ दिवशी एफ ११ ॲपर्चरला १/६० सेकंद शटर मिळत असेल तर फिल्टर लावून साधारण १ सेकंद होतो, धबधब्याला तेवढा पुरे. एनडी१००० अजून गडद, तो समुद्राला, दुपारच्या उन्हाला.

निवांत_ट्रायपॉड:
सहमत. फक्त ६७ चा नको, ७७ चा घे आणि ६७-७७ स्टेपअप रिंग (छोट्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी), उद्या मोठी लेन्स आली तर परत खर्च नको. आणि फार स्वस्तातला घेऊ नकोस, सगळं जांभळट येतं मग बसा एडिट करत.

घाटवेडा:
एनडी६४ फायनल! तुषार उडतात त्याचं काय?

ओलाकॅमेरा:
दर दोन फोटोंनी काच पूस, खिशात दोन मायक्रोफायबर ठेव, एक भिजतंच. आणि ट्रायपॉड विसरू नकोस म्हणजे झालं :)