मदत हवी आहे : केआय-६७ दोनदा वेगळं आलं, केमोचं कसं ठरवायचं?

मंडळी, जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

माझी ताई, वय ५८, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. तीन आठवड्यांपूर्वी मिरजेत स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ २.१ सेंमी, ग्रेड (पेशी किती बिघडल्यात त्याची पायरी) तीनपैकी २. काखेतले १४ नोड (लसिका ग्रंथी) तपासले, सगळे स्वच्छ. ईआर ८ पैकी ८, पीआर ८ पैकी ५, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी. हर-२ (गाठ वेगाने वाढवणारं प्रथिन) आधी २+ आलं, म्हणजे धड हो नाही धड नाही. मग फिश (हर-२ चं जीन वाढलंय का बघणारी तपासणी) केली, ती निगेटिव्ह. इथवर डॉक्टर खूश होते.

घोळ केआय-६७ चा, म्हणजे पेशी किती वेगाने वाढतायत ते सांगणाऱ्या आकड्याचा आहे. बायोप्सीत १२ टक्के, ऑपरेशनच्या रिपोर्टात २८. लॅब वेगवेगळ्या. लेट्रोझोल (हार्मोन रोखणारी गोळी) पाच वर्षं घ्यायचंच आहे, प्रश्न केमोचा. डॉक्टर म्हणाले, "जीन टेस्ट करा, नाहीतर चार सायकल घेऊन टाका." कपभर चहा घेऊन टाका म्हणावं तसं! ताईला मधुमेह आहे, शिवाय सासूबाईंची केमो तिनेच निस्तरली होती. ती रिपोर्टाकडे बघतही नाही. "घ्यायची की नाही तेवढं सांग," म्हणते.

टेस्टची माझ्यापुढे दोन नावं आहेत. ऑन्कोटाइप डीएक्स : २१ जीन, गाठीच्या तुकड्याचा ब्लॉक अमेरिकेला जातो, आम्हाला सांगितलेला खर्च अडीच-तीन लाख. दुसरी बंगळुरूची कॅनअसिस्ट ब्रेस्ट, बरीच स्वस्त. तिच्यावर भरवसा ठेवावा का? आणि केआय-६७ चा कुठला आकडा खरा धरायचा?

ब्लॉक म्हणजे काय हे मला परवा कळलं. काडेपेटीहून लहान प्लॅस्टिकची चौकट, त्यात मेण, मेणात चण्याच्या डाळीएवढा करडा तुकडा. तेवढ्यासाठी लॅबने चार खेपा घालायला लावल्या.

प्रतिसाद १
मी पॅथॉलॉजीत काम करते. दोन्ही आकडे खरे असू शकतात. केआय-६७ म्हणजे शंभर पेशींपैकी किती पेशींची केंद्रकं तपकिरी रंगली ते. कुणी सगळ्यात दाट रंगलेली जागा मोजतं, कुणी सगळीकडची सरासरी काढतं. बायोप्सीत तर गाठीचा दोऱ्याएवढा तुकडा येतो. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किती वेळ होता त्यानेही फरक पडतो. ५ किंवा कमी आणि ३० किंवा जास्त, या दोन टोकांना या आकड्याचा आधार घेता येतो. मधल्या पट्ट्यात एकट्या केआय-६७ वर केमो ठरवू नये. दोन्हीकडच्या स्लाइड्स एकाच पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. खर्च किरकोळ आहे.

कॅनअसिस्ट जीन वाचत नाही. पाच प्रथिनं रंगवून बघतात, त्यात गाठीचा आकार, ग्रेड आणि नोड मिळवून गुण काढतात. १५.५ पर्यंत कमी धोका, वर जास्त. मधला गट नाही. भारतीय रुग्णांवरचा अभ्यास आहे ही जमेची बाजू, पण "केमोचा फायदा होईल का" हे मोठ्या चाचणीत थेट तपासलेलं आहे ते ऑन्कोटाइपचं.

प्रतिसाद २
ती चाचणी म्हणजे टेलरएक्स, निकाल २०१८ मध्ये आले, दहा हजारांवर बायका होत्या. नोड स्वच्छ, ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, म्हणजे तुमच्या ताईंसारख्याच. ऑन्कोटाइपचे गुण ११ ते २५ असलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांना केमोने वेगळा फायदा झाला नाही. माझे २१ आले होते, पण वय ४३. पन्नाशीच्या आत १६ ते २५ मध्ये थोडा फायदा दिसला होता, म्हणून मी केमो घेतली. तेच २१ माझ्या मावशीला आले असते तर नुसत्या गोळ्या. त्यामुळे गुण हाती आला की वय शेजारी ठेवूनच बघा. आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा, तोंडी "होईल" वर जाऊ नका.

धागाकर्ता
दोघींचे आभार. तपकिरी केंद्रकांचं ताईला वाचून दाखवलं. पहिल्यांदाच तिने चष्मा मागितला आणि रिपोर्ट स्वतः वाचला. आधी स्लाइड्स एकाच ठिकाणी पुन्हा वाचून घेतो. टेस्ट करायचीच झाली तर ऑन्कोटाइप. भावंडं मिळून पैसे उभे करू. केमो लागलीच तर सहा आठवड्यांच्या आत सुरू करू असं डॉक्टर म्हणालेत, त्यातले तीन गेले.

उद्या पुन्हा लॅबमध्ये. यावेळी अर्ज दोन प्रतींत, पोचेच्या शिक्क्यासकट.