मदत हवी आहे: शनिवारी रिसेप्शनमध्ये टेबलाटेबलावर जादू करायची आहे, सुरुवात कशी करू?

हातचलाख_२७
नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी एका लग्नाच्या रिसेप्शनला क्लोज-अपचं काम मिळालं आहे. स्टेज नाही, पाहुण्यांमध्ये फिरून टेबलाटेबलावर करायचं. पैसे घेऊन करायची ही पहिलीच वेळ. चार आयटम बसवलेत: ॲम्बिशस कार्ड (गड्डीत मध्ये घातलेला पत्ता पुन्हा पुन्हा वर येतो तो), नाणी एका मुठीतून दुसऱ्या मुठीत, वाटी-गोळे आणि शेवटी पाहुण्याने सही केलेली नोट लिंबातून काढणं. हात तयार आहे, त्याची चिंता नाही.

अडलंय ते पहिल्या वाक्यावर. टेबलाजवळ जाऊन नेमकं बोलायचं काय? मागे ओळखीच्यांच्या साखरपुड्यात फुकट केलं होतं, तेव्हा "जादू बघणार का?" म्हटलं की "आत्ता नको, जेवतोय" हेच उत्तर यायचं. दिवस थोडे उरलेत. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा. "आरशासमोर सराव करा" हे नको, ते झालंय.

किलवर_गुलाम
शहर कुठलं, पाहुणे किती, वेळ किती, पंगत की बुफे? हे कळल्याशिवाय पहिलं वाक्य सांगून काही उपयोग नाही.

पिसणारा
स्पंजच्या गोळ्यांनी सुरुवात करा, दुसरं काही नको. पाहुण्याने एक गोळा मुठीत घट्ट धरायचा, मूठ उघडली की दोन. जे घडतं ते त्याच्याच हातात घडतं, त्यामुळे शेजारचे चारजण लगेच माना वळवतात. वाढदिवस, सोसायटीचे कार्यक्रम, कंपन्यांचे फॅमिली डे, सगळीकडे मी यावरच सुरुवात करतो. आजी असो की नातू, समजावून सांगावं लागत नाही. आणि लग्नात पत्ते नकोतच. बऱ्याच घरांत वडीलधाऱ्यांना पत्ते म्हणजे जुगार वाटतो.

बदाम_सात
@पिसणारा, हे अजिबात पटलं नाही. गणपतीच्या जागरणाला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत कधीच मेंढीकोट झालं नाही असं मराठी घर दाखवा. इस्पिकची राणी कुणालाही ओळखता येते, हा पत्त्यांचा मोठा फायदा आहे. लाल गोळे काढले की मोठी माणसं म्हणतात "मुलांना बोलवा", आणि मग संध्याकाळभर तुम्ही मुलांच्या घोळक्यात अडकता. मी पत्त्यांच्या एका कॅटवर अख्खा कार्यक्रम काढतो.

पिसणारा
मुलं हसली की आईवडील आपोआप जवळ येतात. तुमच्या पद्धतीत आधी पत्ता निवडा, मग लक्षात ठेवा, मग परत ठेवा. जेवायला आलेल्या माणसाला एवढा अभ्यास कशाला?

हातचलाख_२७
वाद नंतर घाला हो. पुण्याजवळचं लॉन आहे, साडेसात ते दहा, पाहुणे चारशेच्या आसपास, बुफे. इव्हेंटवाल्याने सांगितलंय की सगळी टेबलं झाली पाहिजेत. आता सांगा पहिलं वाक्य.

किलवर_गुलाम
बुफे असेल तर टेबलं कुठली? लॉनवर बहुतेक वेळा नुसत्या खुर्च्या मांडलेल्या असतात. इव्हेंटवाला सवयीने "टेबलं" म्हणत असेल. वाटी-गोळे कशावर मांडणार?

दुसरं, हिशेब करा. अडीच तास म्हणजे दीडशे मिनिटं. दहा-दहा जणांचे घोळके धरले तरी चाळीस होतात. एका घोळक्याला पावणेचार मिनिटं, त्यातच चालणं, ओळख करून घेणं आणि सामान परत लावणं. चार आयटमचा सेट त्यात बसतच नाही. तिसरं, लिंबू. दर घोळक्याला नवं तयार लिंबू लागणार, आणि रस लागलेल्या बोटांनी पुढचा कॅट पिसला की पत्ते चिकटणार. तो आयटम घरच्या मंडळींसमोर, तोही एकदाच.

इव्हेंटवाल्याला आत्ता फोन करा.

कोरी_नोट
नोटेवर सही घेणं टाळा. लिहिलेली नोट बाद होत नाही, पण नोटांवर काही लिहू नका असं रिझर्व्ह बँक क्लीन नोट धोरणाखाली लोकांना कायम सांगत आली आहे. शिवाय समोरचा पाचशेची नोट पुढे करतो आणि नंतर खरी-खोटी तपासत बसतो. सही पत्त्यावर घ्या, तोच पत्ता आठवण म्हणून त्याला देऊन टाका.

हिशेबवही
पैसे इव्हेंट कंपनी देणार की मुलीकडचे? कंपनी असेल तर टीडीएस कापला जाऊ शकतो, त्यामुळे बिलावर पॅन घाला. पॅन दिला नाही तर २० टक्क्यांनी कापतात. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली तरच लागते, तेव्हा कुणी जीएसटी नंबर मागितला तर घाबरू नका.

हातचलाख_२७
टीडीएसचं मी विचारलं नव्हतं, पण ठीक. टेबलांचं विचारायला फोन लावलाय, उचलत नाहीये.

जुना_पुणेकर
जादूगार रघुवीर यांचे प्रयोग लहानपणी पाहिलेत. पुढे विजय रघुवीर आणि आता जितेंद्र रघुवीर, अशी तिसरी पिढी त्याच कलेत आहे. ते नाट्यगृह, तो पडदा, तो पोशाख यातच निम्मी जादू असायची. हल्लीची ही हिंडून करायची जादू मला तरी अर्धवट वाटते. तुम्ही आयोजकांना सांगून अर्धा तास स्टेजच का मागत नाही?

बदाम_सात
काका, ती वेगळी कला आहे. रिसेप्शनच्या स्टेजवर नवरानवरी उभे असतात, ते कोण रिकामं करून देणार? आणि वितभर अंतरावरून जे दिसतं त्याचा परिणाम शंभराव्या रांगेतून येत नाही. वाटी-गोळे तर आपल्याकडचे रस्त्यावरचे जादूगार पिढ्यानपिढ्या जमिनीवर बसून, लोकांच्या पायाशी करत आलेत. आपल्या वाटीला वर बोंड असतं, ती दोन बोटांत धरतात. त्यात अर्धवट काय आहे?

सह्यकडा
एक शंका. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे ना? पैसे घेऊन जादू केली तर त्यात बसत नाही ना?

चिकित्सक
नाही. २०१३ च्या त्या कायद्याच्या अनुसूचीत ठरावीक कृत्यं दिली आहेत. त्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणं आणि लोकांना फसवणं, दहशत बसवणं हे आहे. हातचलाखी म्हणूनच करमणूक करणारा त्यात येत नाही. अनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते स्वतःच असे "चमत्कार" करून दाखवतात आणि त्यामागचं कारण समजावतात.

पण एक पथ्य पाळा. मन ओळखण्याचे आयटम करत असाल तर "मला दिसतंय", "मला जाणवतंय" ही भाषा नको. लग्नघरात एखादी आई खरोखर हात पुढे करून विचारते, मुलाला नोकरी कधी लागेल. तिथे लगेच, स्पष्ट सांगायचं की ही कला आहे, मला भविष्य कळत नाही. तिच्या काळजीवर आपण टाळ्या घ्यायच्या नसतात.

आगपेटी
फ्लॅश पेपर वापरा! भस्सकन जाळ झाला की सगळे आपोआप वळतात, पहिल्या वाक्याची गरजच नाही.

किलवर_गुलाम
कृपा करून नको. मांडवाचे पडदे, झालरी, नायलॉनच्या साड्या, लहान मुलं. पाहुण्यांच्या गर्दीत उघडा जाळ करायचाच नाही.

हातचलाख_२७
फोन लागला. घरच्यांसाठी १२ गोल टेबलं आहेत, बाकी सगळ्या खुर्च्या. जेवणाजवळ उभ्याने खायची चार उंच टेबलं, बस. म्हणजे बहुतेक लोक उभे, हातात ताट. वाटी-गोळे गेले. आता काय?

मांडवातला
मी हे काम बरीच वर्षं करतोय, जरा सविस्तर लिहितो.

बुफेत माणसाचा एक हात ताटाखाली आणि दुसरा चमच्यावर असतो. तो पत्ता कशाने धरणार? "जेवतोय" हे उत्तर तुमच्या वाक्यामुळे येत नाही, वेळेमुळे येतं. हात मोकळे असलेला माणूस शोधा. तो आपल्या रिसेप्शनमध्ये एकाच ठिकाणी हमखास सापडतो: स्टेजकडे जाणाऱ्या रांगेत. हातात पाकीट किंवा गुच्छ, पुढे फोटोसाठी तीस-चाळीस माणसं आणि करायला काही नाही. साडेसातपासून निदान तासभर तुमचं काम तिथेच आहे. रांग पुढे सरकत राहते, म्हणजे तुम्हाला हिंडावंही लागत नाही, प्रेक्षक तुमच्यासमोर येतात. शेवटच्या अर्ध्या तासात आइस्क्रीम आणि पानाच्या काउंटरपाशी या. घरची मंडळी मधल्या वेळात बसलेली सापडतील, ती १२ टेबलं तेव्हा करा. इव्हेंटवाल्याला आधी सांगून ठेवा की चारशे माणसांना होणार नाही, पण रांग आणि घरची टेबलं नक्की होतील. हे लेखी, निदान व्हॉट्सॲपवर ठेवा.

पहिलं वाक्य: जादूचं नावच काढू नका. "नमस्कार, मला नवरीच्या बाबांनी तुमच्यासाठी बोलावलंय, दोन मिनिटं हा पत्ता धरता का?" यजमानाचं नाव आलं की तुम्ही परके राहत नाही. आणि हातात काहीतरी दिलं की माणूस तुमच्याबरोबर आलाच. कुणी नको म्हटलं तर "आनंदाने जेवा" म्हणून लगेच हटा, पुन्हा विचारू नका.

कपडे: पांढरा शर्ट आणि काळं जाकीट नको. केटररची माणसं तशीच असतात, लोक पाणी मागतात. कुर्त्यावर रंगीत जाकीट चालेल, पण खिसे आधी घालून तपासा.

लॉनवर रात्री वारा असतो आणि दव पडतं. पत्ते फुगतात, पंखा नीट उघडत नाही. तीन-चार कॅट ठेवा आणि तासाला बदला. प्लॅस्टिकचे पत्ते ओलाव्याला टिकतात, पण हातातून निसटतात, मी वापरत नाही.

पिसणारा
@मांडवातला, रांगेचं एकदम पटलं. पण "पत्ता धरता का" ऐवजी गोळा दिला तर तोच परिणाम, आणि वाऱ्याचा प्रश्न नाही. परवानगी मागण्याच्याही मी विरुद्ध आहे. विचारलं की नकार येतो. सरळ सुरू करायचं.

मांडवातला
गोळ्याला हरकत नाही. परवानगीवर मात्र मी ठाम आहे. लग्नात नुकतंच कुणी गेलेलं घरही येतं, भांडण झालेले भाऊही येतात. त्यांच्या चेहऱ्यासमोर न विचारता हात नाचवणं बरं नाही.

हातचलाख_२७
रांगेचं डोक्यातच नव्हतं, खूप आभार. नाण्यांचं काय? माझ्याकडे अमेरिकन हाफ डॉलर आहेत.

किलवर_गुलाम
उभ्या रांगेत परकं नाणं दिसलं की "नाणंच खास आहे" अशी शंका येते. दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं घ्या, २७ मिलिमीटरचं आहे, रात्रीच्या उजेडात लांबूनही दिसतं आणि पाहुण्याकडूनही मागून घेता येतं. हाफ डॉलर जेमतेम साडेतीन मिलिमीटरने मोठा, एका संध्याकाळच्या सरावात हात जुळेल. तुमचा नाण्यांचा आयटम नेमका कोणता, हातातलाच की काही खास नाणं लागतं?

बदाम_सात
पद्धत इथे उघड विचारू नका. धागा सगळ्यांना दिसतो.

किलवर_गुलाम
पद्धत नाही विचारली, खास नाणं असेल तर बदलता येणार नाही म्हणून विचारलं. व्यनि (खासगी निरोप) करतो.

मोबाईलचं_काय
शूटिंगबद्दल कुणी बोललंच नाही. हल्ली रांगेतला प्रत्येक जण व्हिडिओ काढतो आणि नेमका बाजूने, खांद्यावरून. शक्यतो पाठीमागे कमान किंवा फुलांची भिंत घ्या म्हणजे मागून कुणी येत नाही. आणि फ्लडलाइट तुमच्या पाठीशी नको, हातांवर सावली पडते आणि लोकांना काहीच दिसत नाही.

वाई_कर
तुम्ही सगळे इथे आहातच तर विचारते. पुढच्या महिन्यात मुलाची मुंज आहे, दोन तासांचे साधारण किती घेता? साताऱ्याकडे कुणी येईल का?

हिशेबवही
ताई, वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. @हातचलाख, निम्मे पैसे आधी आणि उरलेले कार्यक्रम सुरू होण्याआधी घ्या. माझ्या भाच्याचे एका आयोजकाने कित्येक महिने लटकवले. पाहुणे गेले की कुणालाच आपण आठवत नाही.

हातचलाख_२७
निम्मे आलेत, उरलेल्यांचं आज बोलतो. सेट बदलला: रांगेत सही केलेला पत्ता आणि दहाची नाणी, घरच्या टेबलांवर गोळे (@पिसणारा, तुमचं ऐकलं), लिंबू फक्त नवरानवरीसमोर, नोट माझी. रांगेत उभं राहायला आयोजकांव्यतिरिक्त अजून कुणाला विचारावं लागतं का?

मांडवातला
फोटोग्राफरला. आधी जाऊन ओळख करून घ्या आणि रांगेच्या शेवटाकडे उभे राहा. स्टेजच्या पायऱ्यांजवळ थांबलात तर त्याच्या प्रत्येक फ्रेममध्ये याल, आणि रांग तुमच्यामुळे थांबली तर घरचे त्याला बोलतात. मार्कर दोन न्या, एक कुणीतरी नक्की घेऊन जातं.