हातोडाच प्रतीक का झाला? करवत किंवा सुई का नाही?

वाचनवेडा (धागाकर्ता)

नमस्कार. माणसाच्या अवजारांविषयी वाचत असताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली, म्हणून हा धागा काढत आहे. चाकू, करवत, सुई, नांगर, कुदळ ही अवजारे हातोड्यापेक्षा कमी उपयोगी नाहीत; सुई नसती तर थंड प्रदेशांत माणूस टिकलाच नसता, असेही म्हणता येईल. तरीही देवाच्या हाती, राज्याच्या मुद्रेवर, पक्षाच्या झेंड्यावर, सभाध्यक्षाच्या टेबलावर आणि लिलाव पुकारणाऱ्याच्या मुठीत जाऊन बसला तो हातोडाच. शिवाय या सगळ्या ठिकाणी त्याचा अर्थ एकच नाही. कुठे तो संरक्षण करतो, कुठे शिस्त लावतो, कुठे श्रमाचा मान सांगतो, तर मूर्तिभंजकाच्या हाती तो निव्वळ विध्वंस करतो. एकाच वस्तूला इतके परस्परविरोधी अर्थ चिकटले, याचे कारण तिच्या कामाच्या पद्धतीत आहे की हा इतिहासाचा योगायोग आहे?

त्याला लागूनच दुसरा प्रश्न असा, की दांडा बसवण्यापूर्वीच्या नुसत्या दगडाला हातोडा म्हणावे काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. "गुगल करून पाहा" एवढेच सांगणारे प्रतिसाद कृपया नकोत.

वर्कशॉपवाला

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे निम्मे उत्तर त्यातच आहे. दगडाला हातोडा म्हणायलाच हवे. केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी येथे सापडलेली दगडी अवजारे सुमारे 33 लाख वर्षांपूर्वीची मानली जातात. त्यांत आघात करण्याचे दगड आहेत, तसेच ज्यावर ठेवून ठोकायचे ते ऐरणीसारखे दगडही आहेत. आयव्हरी कोस्टमधील ताई जंगलात चिंपांझी दगडाने कठीण कवचाची फळे फोडतात आणि तेथील उत्खननात त्यांनी वापरलेले सुमारे 4,300 वर्षांपूर्वीचे दगड मिळाले आहेत. तेव्हा ठोकणे ही काही माणसाची मक्तेदारी नव्हे.

माणसाने त्यात घातलेली खरी भर म्हणजे दांडा. फिरत्या वस्तूचे वजन दुप्पट केले तर तिची ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते, आणि दांडा नेमका वेग वाढवतो. अर्धा किलो वजनाचे डोके सेकंदाला 8 मीटर वेगाने खिळ्यावर आदळले, तर त्यात 16 ज्यूल ऊर्जा असते. खिळा 4 मिलिमीटर आत जाईपर्यंत ती सगळी खर्ची पडली, तर सरासरी बल 4,000 न्यूटन भरते, म्हणजे खिळ्याच्या माथ्यावर सुमारे 400 किलोचा भार ठेवल्यासारखे. एवढा जोर कोणाच्याही मनगटात नसतो. हात फक्त वेग देतो, आणि काम होते ते थांबण्याच्या त्या चार मिलिमीटरांत. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे. करवतीचे, कानशीचे किंवा सुईचे काम हळूहळू, पुन्हा पुन्हा करत गेल्यावर पूर्ण होते. हातोड्याचे काम एका क्षणात, आवाजासकट आणि बहुधा कायमचे होते, त्यामुळे लांबून पाहणाऱ्यालाही काहीतरी ठरल्याचे कळते. देव, अध्यक्ष आणि लिलाव पुकारणारा या तिघांनाही नेमके तेच हवे असते.

आता थोडे विषयाच्या कडेचे, पण राहवत नाही म्हणून लिहितो. दांडा बसवणे दिसते तितके सोपे नाही. डोक्यातील भोक मध्यभागी किंचित अरुंद आणि दोन्ही तोंडांशी रुंद ठेवतात. दांड्याच्या वरच्या टोकाला करवतीने चीर घेऊन तो खालून घालतात; मग चिरेत लाकडी पाचर आणि तिला आडवी लोखंडी पाचर ठोकली, की लाकूड वरच्या रुंद तोंडात फाकते आणि डोके निसटत नाही. सैल झालेला हातोडा पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय अनेकांना असते, ती वाईट. फुगलेल्या लाकडाचे तंतू भोकात चेपले जातात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षाही सैल होतो. हातोड्याच्या तोंडाला पाणी देऊन ते कठीण केलेले असते, पण भोकाजवळचा भाग मुद्दाम मऊ ठेवतात, कारण कठीण पोलाद ठिसूळ असते. म्हणूनच एका हातोड्याच्या तोंडावर दुसरा हातोडा कधीही मारू नये. उडालेली कपची डोळा घेऊन जाते. ज्याला सगळे जण जोराचे अवजार समजतात, त्याच्या घडणीत जोर आवरण्याचीच कारागिरी अधिक आहे आणि प्रतीकांत मात्र तिचा मागमूस दिसत नाही.

पुराणवस्तूप्रेमी

वर्कशॉपवाला यांचे भौतिकशास्त्र बिनतोड आहे, परंतु त्यातून प्रतीक निघते, हे मला पटत नाही. क्षणार्धात आघात कुऱ्हाडही करते. रोममध्ये दंडाधिकाऱ्यांपुढे चालणारे सेवक काठ्यांच्या जुडीत कुऱ्हाड बांधून नेत आणि ती सत्तेची खूण होती. पण श्रमाचे किंवा निर्मितीचे प्रतीक म्हणून कुऱ्हाड फारशी पुढे आली नाही. माझ्या मते हातोड्याला मान मिळाला तो लोहारामुळे.

याचा एक पडताळा पाहा. प्राचीन इजिप्तमध्ये सुतार आणि मूर्तिकार दांड्याची लाकडी मोगरी वापरत, परंतु थडग्यांच्या भिंतींवरील चित्रांत धातूचा पत्रा ठोकणारे कारागीर बिनदांड्याचा दगड मुठीत धरून बसलेले दिसतात. तेथील कारागिरांचा देव प्ताह. त्याच्या हातात राजदंड असतो, हातोडा नसतो. उलट ग्रीकांचा हेफेस्टस हा लोहारच, आणि त्याची ओळख हातोडा व सांडशी यांवरूनच पटते. ज्या समाजात धातू घडवणाऱ्याच्या हाती दांड्याचा हातोडा नव्हता, तेथे तो देवाच्या हातीही गेला नाही. एवढ्यावरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. पण दिशा स्पष्ट आहे. मातीसारख्या दिसणाऱ्या खनिजातून आगीच्या साहाय्याने शस्त्र काढणारा माणूस लोकांना एकाच वेळी पूज्य आणि भीतिदायक वाटणे स्वाभाविक होते. रवांडाच्या जुन्या राज्यात लोहाराचा हातोडा राजचिन्हांत मोडत असे, तो काही खिळे ठोकण्यासाठी नव्हे.

थोर या प्राचीन नॉर्स देवाचा उल्लेख कोणीतरी करणारच, म्हणून मीच करतो. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये स्नोरी स्टुर्लुसन याने लिहून ठेवलेल्या कथेत थोरचा हातोडा बुटके लोहार घडवतात, आणि लोकी हा खोडकर देव माशीचे रूप घेऊन भात्यावर बसलेल्याला चावतो म्हणून हातोड्याचा दांडा आखूड राहतो. म्हणजे देवाच्या शस्त्रातही भट्टीवरची चूक शिल्लक आहे! हा हातोडा केवळ राक्षस मारत नाही. थोर त्याच्याच साहाय्याने मारून खाल्लेले बोकड पुन्हा जिवंत करतो, आणि एका काव्यात तो नववधूला पावन करण्यासाठी तिच्या मांडीवर ठेवायला आणला जातो. धागाकर्त्यांना जे परस्परविरोधी अर्थ वाटतात, ते त्या लोकांना विरोधी वाटत नव्हते.

या हातोड्याची लटकने उत्तर युरोपात शेकड्यांनी सापडली आहेत. त्यांतील बहुतेकांवर काहीही लिहिलेले नसल्याने ती हातोडेच आहेत का, अशी शंका काही जण घेत असत. 2014 साली डेन्मार्कच्या लोलान्ड बेटावरील दहाव्या शतकातील एक लटकन उजेडात आले आणि त्यावर रून लिपीत "हा हातोडा आहे" एवढेच कोरलेले निघाले. याहून स्पष्ट पुरावा इतिहासात क्वचितच मिळतो. मला मात्र त्याहून अधिक आवडते ती डेन्मार्कमधीलच ट्रेंडगार्डन येथे मिळालेली, त्याच शतकातील मऊ दगडाची मूस. त्या एकाच दगडात क्रूस ओतण्याचे साचेही आहेत आणि थोरच्या हातोड्याचाही साचा आहे. धर्म बदलण्याच्या त्या काळात कारागिराने दोन्ही गिऱ्हाइके सांभाळली.

बाकी उदाहरणे थोडक्यात सांगतो. गॉल प्रदेशातील (आजच्या फ्रान्सच्या परिसरातील) सुसेलस या देवाकडे लांब दांड्याचा हातोडा आहे. प्राचीन इटलीतील एट्रुस्कन लोकांचा खारुन हातोडा घेऊन मृतांच्या वाटेवर उभा असतो. जपानमधील दाइकोकू, ज्याचे मूळ आपल्या महाकालात आहे, तो हातातील लहान मोगरीने समृद्धी देतो.

तिरकसराव

विद्वानांच्या चर्चेत एक क्षुल्लक भर घालतो. न्यायाचे प्रतीक म्हणून सर्वत्र छापला जाणारा लाकडी हातोडा इंग्लंडमधील न्यायाधीश वापरतच नाहीत. अमेरिकेत तो वापरला जातो, आणि तेथील चित्रपट व मालिकांनी तो जगभरच्या बातम्यांच्या चित्रांत नेऊन बसवला. प्रतीक होण्यासाठी लोहाराची आग किंवा 16 ज्यूल यांची गरज नसते, नुसती छायाचित्रे पुरतात.

अमेरिकेच्याच सिनेटमध्ये सभागृहाला शिस्त लावणारा ठोकळा हस्तिदंती असून त्याला दांडाच नाही. जुना ठोकळा 1954 मध्ये उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी एका तापलेल्या चर्चेत आपटला तेव्हा तडकला. तेवढा मोठा हस्तिदंत बाजारात मिळेना, तेव्हा भारत सरकारने तसाच दुसरा भेट दिला आणि उपराष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी तो 17 नोव्हेंबर 1954 रोजी सुपूर्द केला. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नापुरते बोलायचे, तर सिनेट त्यालाही हातोडाच म्हणते.

वाचनवेडा

सर्वांचे मनापासून आभार. ट्रेंडगार्डनची मूस आणि राधाकृष्णन यांची भेट, या दोन्ही गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. एक गोष्ट मात्र कोणीच घेतली नाही. विसाव्या शतकात सर्वाधिक ओळखला गेलेला हातोडा म्हणजे विळ्यासोबतचा. तो लोहाराकडून आला की कारखान्यातून? आणि त्यात आघाताला काही स्थान आहे का?

झेंडेवाचक

कारखान्यातून, पण सरळ मार्गाने नव्हे. विळा-हातोड्याची जोडी 1918 साली मॉस्कोत मे दिनाच्या सजावटीसाठी चित्रकार येवगेनी कामझोल्किन याने केली, असे मानले जाते. हातोडा म्हणजे कामगार, विळा म्हणजे शेतकरी, इतका साधा हिशेब होता. त्याच वर्षी राज्यमुद्रेच्या एका आराखड्यात या जोडीबरोबर तलवारही होती आणि ती लेनिनच्या सांगण्यावरून काढली गेली. आघाताबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर या तपशिलात आहे, असे मला वाटते: शस्त्र म्हणून वाचता येईल अशी वस्तू वगळली गेली आणि अवजारे तेवढी राहिली.

हे चिन्ह म्हणजे साम्यवादच, असेही मानायचे कारण नाही. ऑस्ट्रियाच्या राज्यचिन्हातील गरुडाच्या पंजांत 1919 पासून, 1934 ते 1945 हा काळ वगळता, विळा आणि हातोडा आहेत आणि डोक्यावर तटबंदीच्या आकाराचा मुकुट आहे. शेतकरी, कामगार आणि नागर मध्यमवर्ग अशी ती वाटणी आहे. 1945 नंतर त्या गरुडाच्या पायांत तुटलेल्या साखळ्या आल्या, पण हातोडा जागच्या जागी राहिला. पूर्व जर्मनीने हातोड्याशेजारी विळ्याऐवजी आरेखनाचा कंपास घेतला आणि शेतकऱ्यांसाठी भोवती राय धान्याच्या लोंब्या घातल्या. उत्तर कोरियातील सत्ताधारी पक्षाने विळा-हातोड्याच्या मध्ये लिहिण्याचा कुंचलाही घेतला, तो बुद्धिजीवींसाठी. सोबतची वस्तू गरजेप्रमाणे बदलत गेली, हातोडा मात्र या सगळ्या चिन्हांत कायम राहिला.

वर्कशॉपवाला

झेंडेवाचक यांनी दिलेल्या सालावरून एक गोष्ट लक्षात येते. 1918 मध्ये मोठ्या कारखान्यांतील अवजड लोखंड हातोड्याने घडवले जात नव्हतेच. जेम्स नॅस्मिथ याने 1839 मध्ये एका प्रचंड जहाजाच्या आसासाठी वाफेच्या घणाचे रेखाटन केले. पुढे त्या जहाजाची रचना बदलली आणि तो आस लागलाच नाही, पण ते रेखाटन पाहून फ्रान्समधील ल क्रूझो येथील कारखान्यात फ्रांस्वा बुर्दों याने आधी घण उभा केला आणि नॅस्मिथने पेटंट घेतले ते 1842 मध्ये. 1877 साली त्याच कारखान्यात 100 टनांचा घण चालू झाला. वाफेच्या घणाचे कौतुक केवळ ताकदीसाठी नव्हते. वाइनच्या प्याल्यात ठेवलेल्या अंड्याचे कवच फोडायचे आणि प्याल्याला धक्का लागू द्यायचा नाही, असे प्रात्यक्षिक त्यावर दाखवले जाई, कारण झडप हाताळणाऱ्याला घण हवा तेथे थांबवता येत असे. पुढे हायड्रॉलिक प्रेस आले. ते आदळत नाहीत, दाबतात, त्यामुळे कारखान्याच्या पायाला हादरे बसत नाहीत आणि जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत दाब पोहोचतो. त्यांनी अशा राक्षसी घणांची सद्दी संपवली. ल क्रूझोचा तो घण आता गावाच्या वेशीवर स्मारक म्हणून उभा आहे.

तेव्हा झेंड्यावर गेला तो कारखान्यातला घण नव्हे, तर लोहाराचाच हातोडा; वाफेचा घण चार रेषांत काढता येत नाही आणि हातात धरताही येत नाही. पुराणवस्तूप्रेमी यांचा लोहाराचा मुद्दा येथपर्यंत मला मान्य आहे. कुऱ्हाडीचे उदाहरण मात्र मान्य नाही. कुऱ्हाड तासते, तोडते, फोडते, पण दोन वस्तू जोडत नाही. पाचर, खिळा किंवा रिव्हेट ठोकून सांधा पक्का करणारे आणि तोच सांधा उद्या फोडूनही देणारे अवजार हातोडाच आहे. याला अपवाद असणारे दुसरे हातअवजार कोणाला ठाऊक असेल, तर त्यांनी ते येथे अवश्य लिहावे.