नियमांतून दिसणारा स्वभाव

वॉरहॅमर या, टेबलावर छोट्या बाहुल्यांच्या फौजा लढवायच्या खेळातल्या जमाती म्हणजे वेगळ्या रंगाच्या बाहुल्या, बाकी खेळ फाशांचाच, असं काहीजण म्हणतात, ते मला नाही पटलं. ४० केचं (म्हणजे त्याच्या भविष्यकाळातल्या, अंतराळातल्या आवृत्तीचं) ठाऊक नाही, मी १९८३पासूनच्या, जादू-तलवारींच्या जगातल्या जुन्या फँटसी बॅटलबद्दल बोलतोय.

ऑर्क-गॉब्लिनांचंच, म्हणजे हिरव्या रानटी राक्षसांचंच घ्या. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक तुकडीसाठी फासा टाकायचा. एक पडला की गडी आपसातच भांडायला लागतात, आणि ती पाळी बहुतेक वेळा वाया. ऐन मोक्याला माझी मधली फळी अशी हातघाईवर आली आणि समोरच्याचे घोडेस्वार आरामात बगलेवर येऊन उभे राहिले. चिडचिड झाली, पण हसूही आवरेना. ऑर्क आणखी कसे वागणार? ब्लॅक ऑर्क या त्यांच्यातल्या खास जातीला मात्र ही भांडणं लागू नाहीत, म्हणून तर त्यांना फौजेत घेणं महाग पडतं.

स्केव्हन, म्हणजे उंदीरमाणसं, याच्या पुढची. गर्दी असेल तरच धीर: मागे जितक्या रांगा, तितकं मनोधैर्य जास्त. वर त्यांचे गुलाम शत्रूशी झुंजत असताना त्याच झोंबाझोंबीत गोळीबार करायची मुभा! एवढ्या एका नियमात त्यांची अख्खी समाजव्यवस्था कळते, पुस्तकातली पानंच्या पानं वाचावी लागत नाहीत.

बुटके (ड्वार्फ) एका पाळीत टेबलावर तीन इंच चालणार, माणसं चार, लांब कानांचे एल्फ पाच. त्यामुळे बुटक्यांचा खेळाडू आपोआप ठाण मांडून तोफा लावतो. (त्यांच्याकडे जादूगारही नाहीत, नुसते रून्स, म्हणजे शस्त्रांवर कोरलेली मंतरलेली अक्षरं.)

२०१५ला या खेळाच्या जागी एज ऑफ सिगमार हा नवा खेळ आला, बाहुल्यांखालचे चौकोनी बेस जाऊन गोल आले, तेव्हा मला जास्त हळहळ त्या भांडखोर फाशाची वाटली.