मदत हवी आहे: समुपदेशकाने घरच्यांना कधी सांगावं?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात शेतकरी कुटुंबांसाठी समुपदेशन करते. एक दादा मरणाचे विचार बोलून दाखवतात, फवारणीचं औषध घरातच आहे. "बायकोला कळू देऊ नका ताई," म्हणतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 23 नुसार जीविताचा धोका टाळण्यापुरती माहिती देता येते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर त्यांना दिलाय. वहिनींना निदान औषध हलवायला तरी सांगावंच लागेल, असं मला वाटतं. कर्जाचं, भावकीच्या वादाचं काहीच बोलणार नाही. पण गावात बातमी फुटली तर ते येणंच बंद करतील, ही भीती आहे. आधी त्यांना विश्वासात कसं घ्यावं? नेमकं काय बोलावं? अनुभवी मंडळींनी कृपया आजच सांगा.