मदत हवी आहे: डोक्याला किरकोळ मार, सीटी नॉर्मल, तरी चाचणीत गुण घसरले. अहवालात काय लिहू?

कृष्णाकाठ: शुक्रवारी अहवाल द्यायचाय, लवकर सांगा. सांगलीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. पेशंट 34 वर्षांचा, दुचाकीवरून पडलेला. उलटे अंक (ऐकलेले आकडे उलट क्रमानं म्हणणं) 3, ट्रेल बी (आकडे आणि अक्षरं आळीपाळीनं रेषेनं जोडणं) 4 मिनिटांच्या वर, शब्दयादी अर्ध्या तासाने विचारली तर फार थोडी आठवते. पहिल्या वेळेपेक्षा सगळं खाली. मेंदूची इजा धरू की मानसिक?

मिरज_जंक्शन: अपघात कधीचा? शुद्ध किती वेळ गेली, जीसीएस (शुद्धीची पातळी, 15 म्हणजे पूर्ण) किती, अपघातानंतरचं किती वेळाचं आठवत नाही? शिक्षण किती, कुठल्या माध्यमात?

कृष्णाकाठ: सौम्य आहे म्हणून लिहिलं नव्हतं. जीसीएस 15, शुद्ध 5 मिनिटांच्या आत आली, साधारण 2 तासांचं आठवत नाही. 7 महिने झाले. बारावी, मराठी माध्यम.

मिरज_जंक्शन: मग इथंच थांबा. सौम्य इजेत गुण सुरुवातीच्या दिवसांत सर्वांत खाली असतात आणि बहुतेकांचे 3 महिन्यांत सावरतात. सातव्या महिन्यात आणखी घसरण हे इजेच्या चालीत बसत नाही. डोकेदुखी वाढतेय, उलट्या होतात, एका अंगाला कमजोरी आहे असं काही असेल तर आधी न्यूरोकडे पाठवा. नसेल तर झोप, दुखणं, चिंता, नैराश्य आणि गोळ्या बघा. नैराश्य आणि चिंतेच्या प्रश्नावल्या, पीएचक्यू-9 आणि जीएडी-7, घेतल्यात का?

तासगावकर: भरपाईचा क्लेम चालू असणार. ढोंग आहे, लिहून मोकळ्या व्हा.

मिरज_जंक्शन: दादा, असं लिहायचं नसतं. टॉम या मनापासून प्रयत्न होतोय का ते बघणाऱ्या चाचणीत 50 चित्रं दाखवतात, मग दोनातलं एक निवडायचं. डोळे मिटून निवडली तरी 25 च्या आसपास बरोबर येतात. दुसऱ्या फेरीत 45 च्या खाली आले, तर बाकीच्या गुणांवर विसंबता येत नाही, एवढंच ठरतं. माणूस मुद्दाम करतोय हे त्यातून ठरत नाही. गुण 25 च्याही बरेच खाली गेले तरच मुद्दाम चुकवल्याची शंका घ्यायची.

वाळवा_वैद्य: ब्राह्मी तूप आणि रोज 5 अक्रोड द्या, फरक पडतो.

जत_रोड: मोका ही स्मरण-विचारांची छोटी चाचणी घ्या. 26 च्या खाली आलं की विषय मिटला. दिव्यांगत्वासाठी 2016 च्या कायद्यात 40 टक्के लागतात, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

मिरज_जंक्शन: कार्डाचं कुणी विचारलेलं नाही. मोका 30 गुणांची चाळणी आहे, 12 वर्षं किंवा कमी शिक्षणाला 1 गुण वाढवून द्यावा लागतो. तिनं निदान होत नाही. ताई, ट्रेल बीमध्ये इंग्रजी अक्षरं होती का? मराठी माध्यमाचा माणूस जी-एच-आयपाशी मनात ए पासून पुन्हा म्हणतो आणि वेळ तिथंच जातो. कलर ट्रेल्स घ्या, त्यात अक्षरांऐवजी रंग असतात. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या बॅटरीत (चाचणीसंचात) वय, लिंग, शिक्षणाप्रमाणे तुलनेचे आकडे आहेत, तेच वापरा.

कृष्णाकाठ: इंग्रजीच होती. सरळ अंक मात्र 7 आले. रात्री क्लोनाझेपाम (चिंता कमी करणारी, झोप आणणारी गोळी) 0.5 मिलीग्रॅम चालू आहे. पहाटेच्या एसटीनं जतहून आला होता, बायको शेजारी बसून "यांना काहीच राहत नाही" म्हणत होती.

मिरज_जंक्शन: हे आधी सांगायचं! सरळ 7 आणि उलटे 3 म्हणजे ऐकलेलं नीट धरतोय, मनात फिरवताना सुटतंय. चिंता, अपुरी झोप आणि ती गोळी तिन्ही तिथंच बाधतात. यादीतले शब्द ओळखायला दिले तेव्हा किती ओळखले?

कृष्णाकाठ: 15 पैकी 13.

मिरज_जंक्शन: म्हणजे शब्द साठलेत, आपणहून काढताना अडतोय. आठवण्यापेक्षा ओळखणं कमी आलं असतं तर प्रयत्नाबद्दल शंका होती. आणि सुरुवातीला त्याला काय सांगितलंत?

कृष्णाकाठ: "अपघातानं मेंदूवर काय परिणाम झालाय ते बघू."

मिरज_जंक्शन: त्या वाक्यानंही गुण पडू शकतात. इजेची आठवण करून दिली की माणूस अपयश धरूनच बसतो, 2002 मध्ये सुर आणि गनस्टॅड यांनी हे दाखवलंय. "तुमचं लक्ष आणि स्मरण कसं चालतं ते बघायचंय" एवढंच म्हणा. बायकोला बाहेर बसवा. सकाळी, झोप झालेली आणि पोटात काहीतरी असताना घ्या. शब्दयादी दुसऱ्या संचातली, नाहीतर सरावानं गुण फुगतील. क्लोनाझेपाम लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

कृष्णाकाठ: मग शुक्रवारी काय देऊ?

मिरज_जंक्शन: "घसरणीचा क्रम सौम्य इजेच्या अपेक्षित सुधारणेशी जुळत नाही, झोप, औषध आणि चिंतेचा वाटा तपासून फेरचाचणीनंतर अंतिम मत." खाली गोळीचं नाव, मात्रा आणि चाचणीची वेळ लिहा.

कृष्णाकाठ: मंगळवारी सकाळी 10 ला बोलावते. आदल्या रात्री सांगलीत नातेवाइकांकडे मुक्काम करा म्हणून सांगते.